मुंबई–लंडन हवाई मार्ग : अंतर आणि उड्डाणकाल यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

दळणवळणाच्या इतिहासावरील पाठ्यपुस्तकांत एक विधान वारंवार आढळते. विमानामुळे जग जवळ आले, अंतर संपले, असे ते विधान होय. आगबोट, आगगाडी, तार, विमान या क्रमाने शोध लागत गेले आणि त्या क्रमाने प्रवासाचा काळ कमी होत गेला, अशी त्यामागील मांडणी असते. ही मांडणी स्थूलमानाने खोटी नाही. परंतु तिच्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. दोन शहरांमधील हवाई प्रवासाचा काळ नेमका कशाने ठरतो? विमानाच्या वेगाने, असे उत्तर सहज दिले जाते. प्रस्तुत लेखात मुंबई आणि लंडन या दोन शहरांमधील हवाई मार्गाचा १९२९ पासूनचा इतिहास तपासून हे उत्तर अपुरे असल्याचे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. या मार्गावरील उड्डाणकाल विमानाच्या वेगाइतकाच, किंबहुना काही कालखंडांत त्याहून अधिक, मार्गातील थांब्यांनी आणि कोणाच्या हद्दीवरून जाण्यास कोण परवानगी देतो या बाबीने ठरत आला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

नकाशावरील अंतर आणि प्रत्यक्ष अंतर

मुंबई आणि लंडन यांच्यातील सर्वांत कमी अंतर सुमारे ७२०० कि.मी. आहे. हे अंतर बृहद्वृत्तावर मोजलेले असते. पृथ्वीगोलावर दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून धरला असता तो ज्या रेषेत राहील, ती बृहद्वृत्ताची रेषा. भिंतीवरील सपाट नकाशात ही रेषा वाकडी दिसते आणि म्हणूनच ती अनेकांना अनोळखी वाटते. लंडनहून मुंबईकडे निघताना आग्नेयेस जावे लागेल असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ही रेषा लंडनहून जवळजवळ सरळ पूर्वेस निघते. जर्मनी, चेक प्रदेश, युक्रेन असे ओलांडून ती क्रिमियाजवळ येते, पुढे तिबिलिसीच्या परिसरातून इराणात उतरते, बलुचिस्तान पार करून कराचीच्या थोडे उत्तरेकडून जाते आणि कच्छ-सौराष्ट्रावरून मुंबईस पोहोचते. या रेषेवरील प्रदेशांची नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत. पुढील विवेचनात ती पुन्हा पुन्हा येणार आहेत.

याच्या तुलनेत सागरी मार्ग फारच लांबचा होता. आफ्रिकेला वळसा घालून मुंबई–लंडन हे अंतर जवळजवळ वीस हजार कि.मी. भरत असे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर ते सुमारे साडेअकरा हजारांवर आले. त्यानंतर फ्रान्समधील मार्से बंदरापर्यंत आगबोट व पुढे आगगाडी अशी सोय झाल्यावर हा प्रवास दोन आठवड्यांत होऊ लागला. याचे एक सर्वपरिचित उदाहरण देता येईल. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी २९ ऑगस्ट १९३१ रोजी ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले आणि मार्सेमार्गे १२ सप्टेंबरला लंडनला पोहोचले. त्याआधीच्या वर्षी पहिल्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने गेले होते. ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, या दोन्ही प्रवासांच्या वेळी लंडन ते भारत अशी हवाई सेवा सुरू झालेली होती.

१९२९ : सात दिवसांचा हिशेब

इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी लंडन–कराची सेवा सुरू केली. अंतर सुमारे ८००० कि.मी., भाडे १३० पौंड, लागणारा काळ सात दिवस. त्या वेळच्या दराने १३० पौंड म्हणजे सतराशे रुपयांहून अधिक रक्कम होत असे. या सेवेचे स्वरूप आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून स्वित्झर्लंडमधील बाझेलपर्यंत विमान. बाझेल ते इटलीतील जिनोआ आगगाडी. जिनोआ ते अलेक्झांड्रिया पाण्यावर उतरणारे विमान. अलेक्झांड्रिया ते कैरो पुन्हा आगगाडी. आणि कैरोहून इराक व इराणच्या किनाऱ्यामार्गे कराचीपर्यंत डी हॅविलंड कंपनीचे तीन इंजिनांचे ‘हर्क्युलिस’ विमान.

या सात दिवसांची फोड करून पाहिली असता प्रस्तुत विषयाचे मर्म स्पष्ट होते. त्या काळच्या विमानांचा वेग ताशी दीडशे ते पावणेदोनशे कि.मी. होता. आठ हजार कि.मी. अंतरास या वेगाने साधारण पन्नास तास लागतात. सात दिवसांचे तास एकशे अडुसष्ट होतात. म्हणजे प्रवासी एकूण काळाच्या एक तृतीयांशाहूनही कमी वेळ हवेत असे. उरलेला काळ आगगाडीत, इंधन भरण्यात आणि मुख्यतः रात्रीच्या मुक्कामात जाई. रात्री उड्डाण करण्याची सोय या मार्गावर नव्हती, त्यामुळे प्रवाशांना दररोज संध्याकाळी कुठेतरी उतरून झोपावे लागे. जुन्या काळच्या टांग्याच्या मजलांसारखाच हा प्रकार होता.

आज लंडन–मुंबई प्रवास सुमारे नऊ तासांत होतो. सात दिवस ते नऊ तास म्हणजे जवळजवळ अठरा-एकोणीस पटींची घट. या काळात विमानाचा वेग मात्र पाच ते सहा पटींनीच वाढला. उरलेली तिप्पट-साडेतिप्पट घट वेगाने झालेली नाही. ती रात्रीच्या उड्डाणाने, लांब पल्ल्याच्या विमानांनी आणि थांबे गळून गेल्याने झाली. (१९२९ चा आकडा कराचीपर्यंतचाच आहे. तेथून मुंबई गाठण्याचा वेळ त्यात मिळविल्यास वेगाचा वाटा आणखी कमी भरेल.)

बाझेल ते जिनोआ हा टप्पा आगगाडीने का? आल्प्स पर्वत हे त्याचे एक कारण होते, पण इटलीशी हवाई हक्कांबाबत असलेला पेचही तितकाच महत्त्वाचा होता. त्याहून मोठी अडचण इराणची होती. कैरो ते बसरा ही सेवा जानेवारी १९२७ मध्येच सुरू झाली होती. विमाने होती, वैमानिक होते, पुढचा मार्ग पाहून ठेवलेला होता. परंतु इराणच्या सरकारने आपल्या किनाऱ्यावरून जाण्यास संमती न दिल्याने बसरा ते कराची हा टप्पा दोन वर्षे अडून राहिला. १९२९ मध्ये मिळालेली परवानगीही मर्यादित मुदतीची होती. ती संपल्यावर १९३२ मध्ये इम्पीरियल एअरवेजने हा मार्ग उचलून आखाताच्या दुसऱ्या, म्हणजे अरब किनाऱ्यावर नेला. शारजाच्या शेखांशी करार करण्यात आला व तेथे प्रवाशांसाठी तटबंदीचे विश्रामगृह उभारले गेले. आखाती शहरे आणि भारत–युरोप हवाई प्रवास यांचा जो संबंध आज दुबई व दोहा येथे विमान बदलणाऱ्या प्रवाशांच्या परिचयाचा आहे, त्याची सुरुवात एका नकारातून झाली, हे नोंदविण्यासारखे आहे.

कराचीचे दार आणि मुंबई

सागरी प्रवासाच्या काळात विलायतेचे टपाल आधी मुंबईस उतरत असे व तेथून आगगाड्यांनी देशभर जाई. ‘गेटवे ऑफ इंडिया’ या वास्तूचे उद्घाटन डिसेंबर १९२४ मध्ये झाले. त्यानंतर पाच वर्षांच्या आतच हवाई मार्गाचे दार कराचीस उघडले. इराणच्या किनाऱ्याने येणाऱ्या अल्प पल्ल्याच्या विमानास भारतातील पहिला सोयीचा मुक्काम कराचीच होता, आणि साम्राज्य सरकारच्या योजनेत तेथून पुढचा मार्ग दिल्लीकडे वळणार होता. हवाई जहाजांसाठी प्रचंड आकाराची शाळाही कराचीसच बांधण्यात आली होती. ‘आर-१०१’ हे हवाई जहाज ऑक्टोबर १९३० मध्ये कराचीकडे निघाले असता फ्रान्समध्ये कोसळले आणि ती कल्पना तेथेच विराम पावली. थोडक्यात, हवाई युगाच्या आरंभी मुंबई मुख्य मार्गावर नव्हतीच. काळाच्या हिशेबात लंडन कराचीस जवळ आले, मुंबईस तितके आले नाही.

ही उणीव भरून काढण्याचे काम १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सुरू झाले. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून टपालाच्या थैल्या घेऊन ‘पस मॉथ’ या एक इंजिनाच्या छोट्या विमानाने उड्डाण केले. अहमदाबादेत इंधन घेऊन ते जुहू येथे उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी हे टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. या घटनेकडे भारतीय नागरी विमान वाहतुकीचा प्रारंभ म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि तिचे दुसरे रूपही ध्यानात घ्यावयास हवे. टाटांची ही सेवा इम्पीरियल एअरवेजच्या टपालास जोडून चालणारी पूरक सेवा होती. लंडनचे टपाल कराचीस येईल तेव्हा ते पुढे न्यावयाचे, असा तिचा क्रम होता. मुंबई–लंडन या दोन शहरांना हवाई मार्गाने जोडणारा दुवा एका भारतीय व्यवसायसंस्थेने निर्माण केला. साम्राज्य सरकारच्या आखणीत त्याला प्राधान्य नव्हते.

जुहूच्या धावपट्टीबद्दल येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. समुद्रालगतच्या त्या सपाट मैदानात पावसाळ्यात पाणी भरत असे. त्यामुळे सुरुवातीच्या काळात पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्यास हलवावा लागे. म्हणजे जून ते सप्टेंबर या काळात लंडनच्या पत्राचा हवाई प्रवास पुण्यास संपे आणि ते घाट उतरून मुंबईस येई. आखाती राजकारण आणि कोकणातला पाऊस या दोन्ही गोष्टी एकाच पत्राच्या वेळेवर परिणाम करीत होत्या.

दुसऱ्या महायुद्धात जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर भूमध्य समुद्रावरील हवाई मार्ग बंद पडला. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनपासून कैरो, कराचीमार्गे सिडनीपर्यंत जाणारा, घोड्याच्या नालाच्या आकाराचा एक मार्ग चालू ठेवण्यात आला. पण लंडनशी थेट हवाई संबंध तुटला. काही दिवसांवर आलेले अंतर एका घोषणेने पुन्हा काही आठवड्यांचे झाले.

८ जून १९४८

स्वातंत्र्यानंतरची परिस्थिती सर्वस्वी निराळी होती. कराची आता दुसऱ्या देशात गेली होती. दरम्यान लढाईच्या काळात विमानांचा पल्ला विलक्षण वाढला होता. मार्च १९४८ मध्ये एअर-इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी स्थापन झाली आणि ८ जून १९४८ रोजी, मंगळवारी, तिच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाने मुंबईहून लंडनसाठी प्रस्थान ठेवले. कैरो आणि जिनिव्हा असे दोनच थांबे घेऊन ते १० जूनला लंडनला पोहोचले. सेवा आठवड्यातून एकदा होती. भाडे १,७२० रुपये होते. १९२९ मधील कराचीपर्यंतच्या भाड्याच्या रकमेशी हे जवळजवळ जुळते. युद्धकाळातील महागाई लक्षात घेता प्रवास प्रत्यक्षात स्वस्त झाला होता, परंतु सामान्य पगारदाराच्या तो आवाक्याबाहेरच होता.

या मार्गाचा पहिला टप्पा, मुंबई ते कैरो, सुमारे ४३०० कि.मी. लांबीचा आहे. कराची, ग्वादर, जास्क, शारजा, बहारीन, बसरा ही १९२९ ते १९४० या काळातील मुक्कामांची सगळी माळ या एका टप्प्याने ओलांडली. मुंबई प्रथमच लंडनच्या हवाई मार्गाचे आरंभस्थान झाली. कैरो आणि जिनिव्हामार्गे एकूण अंतर आठ हजार कि.मी.च्या आसपास भरते, म्हणजे बृहद्वृत्तापेक्षा सुमारे दहा टक्के अधिक. परंतु ही वाढ क्षुल्लक होती. सरळ रेषा रशियाच्या अमलाखालील युक्रेन आणि कॉकेशस प्रदेशातून जात होती आणि शीतयुद्धाच्या त्या काळात तिचा विचारही संभवत नव्हता.

थांब्यांची निवड केवळ वेळापत्रकावर परिणाम करीत नसे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच ‘मलबार प्रिन्सेस’ विमान जिनिव्हाकडे जात असता माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि त्यातील सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले. प्रवाशांत इंग्लंडमध्ये जहाजावर रुजू होण्यासाठी निघालेले भारतीय खलाशी होते. जहाजावर काम करण्यासाठी विमानाने जाणारे हे खलाशी सागरी आणि हवाई या दोन्ही युगांच्या सांध्यावर उभे होते. हवाई प्रवास त्या काळी केवळ संस्थानिक व उद्योगपतींचाच होता, या समजुतीला त्यांच्या उपस्थितीने छेद जातो. पुढे २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान त्याच पर्वतावर कोसळले. ११७ जणांचा अंत झाला, त्यात डॉ. होमी भाभा होते. दोन्ही विमाने मुंबई–लंडन मार्गावरील होती आणि दोन्ही जिनिव्हास उतरण्याच्या बेतात होती. एकाच शिखरावर दोनदा अपघात व्हावा याविषयी अनेक तर्ककुतर्क केले गेले. त्यांपैकी बहुतेकांत या मार्गाच्या भूगोलाचा साधा उल्लेखही नसतो, हे खेदाने नमूद करावे लागते. जिनिव्हा हा थांबा असेपर्यंत आल्प्सच्या सर्वोच्च शिखराच्या शेजारून खाली उतरणे या मार्गावर अटळ होते.

वेगाची मर्यादा

जेट विमानाचा या मार्गावरील पहिला प्रयोग ब्रिटिशांचा होता. ऑगस्ट १९५२ मध्ये बी.ओ.ए.सी. कंपनीने ‘कॉमेट’ विमानांची लंडन–कोलंबो सेवा मुंबईमार्गे सुरू केली. १९५४ मधील लागोपाठच्या दोन अपघातांनंतर ही विमाने सेवेतून काढून घेण्यात आली. एअर-इंडियाने एप्रिल १९६० मध्ये बोइंग ७०७ विमान लंडन मार्गावर आणले. कॉन्स्टेलेशनचा वेग ताशी सुमारे ५०० कि.मी. होता, ७०७ चा ९०० कि.मी.च्या घरात गेला. मे १९७१ मध्ये याच मार्गावर बोइंग ७४७ ‘जम्बो’ आले. ते आकाराने प्रचंड होते, पण वेगात फारसे पुढे नव्हते. त्यानंतर आलेल्या विमानांचा वेगही त्याच घरात आहे. अर्थात १९६० नंतर या मार्गावर वेगाची वाढ जवळजवळ थांबली. त्यापुढे उड्डाणकालात जी घट झाली, ती कैरो, बेरूत, जिनिव्हा यांसारखे थांबे एकेक करून गळल्याने झाली.

आवाजाहून अधिक वेगाचे ‘काँकॉर्ड’ विमान जानेवारी १९७६ मध्ये लंडन–बहारीन मार्गावर धावू लागले आणि पुढे काही काळ सिंगापूरपर्यंत गेले. ते मुंबईपर्यंतचा प्रवास निम्म्या वेळेत करू शकले असते, असे गणित मांडता येते. परंतु भारताने आपल्या हद्दीवरून आवाजाच्या वेगापलीकडे उडण्यास मनाई केली होती. सिंगापूर सेवा १९८० मध्ये बंद पडण्याची जी कारणे सांगितली जातात, त्यांत या मनाईचा समावेश होतो. १९२७ मध्ये इराणने दिलेला नकार आणि अर्धशतकानंतर भारताने दिलेला नकार यांची जात एकच आहे. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी नकार देणारे आपण होतो, आणि नकार देण्याचा अधिकार हे सार्वभौमत्वाचे लक्षण होते.

वेळापत्रकावरून उड्डाणकाल काढताना होणारी एक सर्वसाधारण गफलत येथे नोंदविणे उपयुक्त ठरेल. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे असते. ब्रिटनमध्ये उन्हाळी वेळ लागू असताना हा फरक साडेचार तासांचा होतो. त्यामुळे मुंबईहून पहाटे निघालेले विमान लंडनच्या घड्याळाप्रमाणे त्याच दिवशी दुपारच्या आत पोहोचलेले दिसते आणि उलट प्रवासात रात्रच्या रात्र खर्च होते. वरवर पाहता जाण्याचा प्रवास छोटा वाटतो. खरी गोष्ट उलट आहे. उंचावरील वेगवान पश्चिमी वाऱ्यांमुळे लंडनकडे जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास आणि परतताना साडेआठ ते नऊ तास लागतात. जुन्या वेळापत्रकांचा साधन म्हणून उपयोग करणाऱ्या अभ्यासकांनी या दोन्ही गोष्टी विचारात घेतल्या नाहीत, तर त्यांचे आकडे चुकण्याचा संभव राहतो.

सरळ रेषेचे भवितव्य

सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यावर बृहद्वृत्ताच्या जवळून जाणारा मार्ग प्रथमच व्यवहार्य झाला. मध्य युरोप, काळा समुद्र, कॉकेशस, इराण, पाकिस्तान असा तो मार्ग होता. नकाशावरील अंतर आणि उडालेले अंतर यांतील तफावत या काळात सर्वांत कमी होती, असे म्हणता येईल. हा काळ तीन दशकांहून अधिक टिकला नाही.

२७ फेब्रुवारी २०१९ ते १६ जुलै २०१९ या काळात पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना पूर्णतः किंवा अंशतः बंद होती. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. क्रिमियाचा परिसर तर २०१४ पासूनच वर्ज्य मानला जात होता. पहलगाम येथील हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा हद्द बंद केली आणि त्या बंदीची मुदत पुढे महिन्यामहिन्याने वाढत गेली. जून २०२५ मध्ये इराण–इस्राएल संघर्षात इराणचे आकाशही काही काळ बंद राहिले. प्रारंभी उल्लेखिलेल्या रेषेवरील प्रदेश एकेक करून असे निसटले. १९७१ च्या जम्बोइतक्याच वेगाने उडणारे, इंधनात मात्र कितीतरी काटकसरी असे नवे विमान त्यामुळे अधिक लांबच्या वाटेने जाऊ लागले.

या बंदीची झळ दिल्लीच्या तुलनेत मुंबईस कमी लागली. दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानास आधी दक्षिणेकडे वळून समुद्र गाठावा लागतो. मुंबईच्या विमानास समुद्र दारातच असतो. पाकिस्तान व इराण टाळून मुंबईहून निघालेले भारतीय विमान अरबी समुद्र ओलांडून ओमानकडे जाते, आखाताच्या अरब बाजूने वर सरकते आणि तेथून युरोपची वाट धरते. १९३२ मध्ये इम्पीरियल एअरवेजला नाइलाजाने निवडावा लागलेला किनारा हाच होता. त्याच वर्षी टाटांनी ज्या टप्प्यावर पहिले टपाल वाहून आणले, त्या कराची–मुंबई टप्प्यावरील थेट प्रवासी विमानसेवा मात्र २०१९ पर्यंत बंद पडलेली होती.